‘नाइफ’मधला ‘के’ गप्प का बसतो?

इंग्रजी शिकताना एक वाक्य प्रत्येकाच्या कानावरून जातं: ‘यातला के सायलेंट आहे.’ नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नो म्हणजे माहीत असणं. चारही शब्द ‘के-एन’नं सुरू होतात. चारहींत ‘के’ लिहायचा, पण म्हणायचा नाही. का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, इंग्रजी तशीच आहे, पाठ करा. मीही तसंच पाठ केलं आणि पुढे कित्येक वर्षं दुसऱ्यांना हेच उत्तर दिलं. आता देत नाही. त्या गप्प अक्षरामागे कारण असतं, बहुतेक वेळा ते साध्या शब्दांत सांगता येतं, आणि एकदा कळलं की एकेकटा पाठ करावा लागणारा शब्द आपल्या भावंडांना हाताला धरून घेऊन येतो.

आधी तोंडाचा एक प्रयोग. ‘क्नी’ असं मोठ्यानं म्हणा. जिभेची मागची बाजू टाळूला टेकते, ‘क’ सुटतो, आणि लगेच जिभेचं टोक पुढे सरकून दातांमागे ‘न’ होतो. हजारेक वर्षांपूर्वी इंग्लंडमधली माणसं गुडघ्याला साधारण असंच, म्हणजे ‘क्नेओ’ म्हणत. ‘क’ स्पष्ट ऐकू येत असे. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतो. इंग्रजांच्या तोंडून मात्र हा ‘क’ हळूहळू निसटत गेला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास पार गेला. पण त्याच्या बऱ्याच आधी, 1476 साली, विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला होता. छापलेल्या पुस्तकांमुळे स्पेलिंग हळूहळू एका जागी बसत गेलं. सॅम्युअल जॉन्सनचा मोठा शब्दकोश 1755 साली आला तेव्हा ते बहुतेक गोठलेलंच होतं. जीभ पुढे गेली, शाई मागे राहिली. इंग्रजी स्पेलिंगच्या निम्म्याअधिक कटकटींचं मूळ या अंतरात आहे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘ज्ञान’ लिहिताना आपण ‘ज्’ला ‘ञ’ जोडतो आणि म्हणतो ‘द्न्यान’. हिंदी माणूस तेच अक्षर ‘ग्यान’ असं वाचतो. लिहिलेलं ‘ज’ दोघांच्याही तोंडात नाही. तरी ते लिहितो, कारण त्या ‘ज’मुळेच ‘ज्ञान’, ‘विज्ञान’, ‘अज्ञ’ आणि ‘जाणणे’ यांचं नातं डोळ्यांना दिसतं.

आणि हे उदाहरण मी उगाच निवडलेलं नाही. ज्या ‘नो’ शब्दाच्या आरंभी तो गप्प ‘के’ उभा आहे, तो ‘नो’ आणि आपलं ‘ज्ञान’ हे एकाच घराण्यातले आहेत.

1786 साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीसमोर बोलताना विल्यम जोन्सनं सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या तिघींचं मूळ एकच असलं पाहिजे. पुढे 1822 मध्ये याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकानं ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम मांडले. त्यातला एक आपल्या कामाचा: मूळ भाषेतला ‘ग’ लॅटिन आणि ग्रीकमध्ये ‘ग’च राहिला, इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेत त्याचा ‘क’ झाला. त्यातल्या टाळूकडे झुकणाऱ्या ‘ग’चा संस्कृतात ‘ज’ झाला. म्हणजे एकाच मुळाची तीन रूपं: आपल्याकडे ‘ज्ञ’, ग्रीक-लॅटिनमध्ये ‘ग्न’, इंग्रजीत ‘क्न’.

हे हाती आलं की ‘जी-एन’ची अक्षरं असलेले कितीतरी अवघड शब्द आपोआप उलगडतात. ‘डायग्नोसिस’ म्हणजे रोग ओळखणं. ‘प्रॉग्नोसिस’ म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. त्याचे दोन तुकडे ‘प्रज्ञा’ या शब्दाच्या दोन तुकड्यांचे सख्खे भाऊ आहेत, अर्थ तेवढे वेगळ्या वाटांनी गेले. ‘कॉग्निशन’ म्हणजे जाणण्याची क्रिया, ‘रेकग्नाइझ’ म्हणजे ओळखणं, ‘इग्नोरंट’ म्हणजे अजाण. आणि ‘अग्नॉस्टिक’! टी. एच. हक्स्ली यांनी 1869 साली हा शब्द घडवला: ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही, असं मानणारा. त्याला मराठीत आपण ‘अज्ञेयवादी’ म्हणतो. ग्रीक ‘अ’ आणि आपला ‘अ’ एक, त्यांचं ‘ग्नॉ’ आणि आपलं ‘ज्ञे’ एक. भाषांतर करणाऱ्यानं शब्द शोधला तो त्याच शब्दाचा चुलतभाऊ निघाला. मला हे जेव्हा पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही मिटून काही वेळ नुसता बसून होतो.

या घरात आणखी एक अगदी साधा शब्द राहतो: ‘कॅन’. एखादी गोष्ट करता येणं. मूळ अर्थ ‘ती कशी करायची हे जाणणं’. ‘कनिंग’ म्हणजे धूर्त, हाही पूर्वी ‘जाणता’ होता. ‘अनकूथ’ म्हणजे असभ्य, मुळात ‘अनोळखी’. 

गुडघ्याचंही तसंच. संस्कृतात गुडघ्याला ‘जानु’ म्हणतात. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोचतात तो ‘आजानुबाहू’. ‘ज’च्या जागी ‘क’ ठेवा, इंग्रजी ‘नी’चा जुना ‘क्नेओ’ समोर येतो. गुडघा टेकणं म्हणजे ‘नील’, तोही ‘के-एन’नंच लिहितात. 

‘के-एन’च्या बाकीच्या शब्दांकडे पाहिलं तर आणखी एक गोष्ट नजरेत भरते. नॉट म्हणजे गाठ, नकल म्हणजे बोटाच्या सांध्याचा उंचवटा, नॉब म्हणजे दाराची किंवा खणाची गोल मूठ, नोल म्हणजे टेकाड. सगळीकडे काहीतरी गोलसर फुगलेलं आहे. ‘निट’ म्हणजे विणणं, हा तर गाठीचाच भाऊ, मूळ अर्थ गाठी मारणं. ‘नाइट’ म्हणजे सरदार, याचा मूळ अर्थ मात्र पोरगा, चाकर. घोड्यावर बसून मालकाबरोबर लढाईला जाता जाता त्या चाकराचा मान वाढत गेला.

आता दुसरं बदनाम जोडपं, ‘जी-एच’. नाइट म्हणजे रात्र, लाइट म्हणजे उजेड, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी. प्रत्येकात ‘जी-एच’ मध्येच उभं आणि कुणी विचारत नाही. इथेही पूर्वी आवाज होता. घसा खाकरताना जो घासल्यासारखा ‘ख’ निघतो, तसा. रात्रीला ‘निख्त’ म्हणत. जुन्या इंग्रजीत हा ध्वनी नुसत्या ‘एच’नं लिहीत. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि त्यांच्या हाताखाली पुढे ‘जी-एच’ रूढ झालं. नंतर तो ‘ख’ काही शब्दांतून नाहीसा झाला, तर काहींत त्याचा ‘फ’ झाला: कफ म्हणजे खोकणं, लाफ म्हणजे हसणं, रफ म्हणजे खरखरीत, इनफ म्हणजे पुरेसं.

हा ‘जी-एच’ कुणाची आठवण जपून आहे ते बघा. रात्रीला संस्कृतात ‘नक्त’ असाही शब्द आहे. रात्री हिंडणारा तो ‘नक्तंचर’. लॅटिनमधून आलेला ‘नॉक्टर्नल’, म्हणजे निशाचर, हाही त्यातलाच. आठला ‘अष्ट’, लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’. मुलीला ‘दुहिता’: ‘डॉटर’मधल्या ‘जी-एच’च्या जागी आपल्याकडे ‘ह’ आहे, आणि तो आपण अजून म्हणतो.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द ‘लाइट’. इंग्रजीत लाइट दोन आहेत, स्पेलिंग एकच, अर्थ दोन: उजेड आणि हलका. शब्दकोशात ते एकाखाली एक येतात, म्हणून एकाच शब्दाचे दोन अर्थ असावेत असं वाटतं. खरं तर ते दोन वेगळ्या घरांतले आहेत. उजेडवाला लाइट ‘रुच्’ या धातूच्या घराण्यातला, ज्याचा मूळ अर्थ प्रकाशणं. आपलं ‘रुचिर’ त्यातलं. हलका या अर्थाचा लाइट मात्र थेट ‘लघु’चा भाऊ. ‘लघु’तला ‘घ’ आणि ‘लाइट’मधला मुका ‘जी-एच’ एकाच जागचे. याच मुळापासून फुप्फुसाचा ‘लंग’ हा शब्द आला, कारण शरीरातला तो वजनाला हलका अवयव. हे कळल्यावर ‘लाइट’चं स्पेलिंग चुकवून दाखवा.

‘जी-एच-टी’चा आणखी एक उपयोग अगदी व्यावहारिक आहे. थिंकचं थॉट, ब्रिंगचं ब्रॉट, बायचं बॉट, टीचचं टॉट, सीकचं सॉट. विचार केला, आणलं, विकत घेतलं, शिकवलं, शोधलं. पाठ करताना डोकं भणभणतं, पण यांची चाल एकच आहे: क्रियापदाच्या शेवटचा ‘क’ किंवा ‘ग’सारखा ध्वनी ‘ट’समोर आला की घासला जाऊन ‘ख’ झाला, आणि त्या ‘ख’चं ‘जी-एच’ उरलं. ‘वर्क’चंही जुनं भूतकाळी रूप ‘रॉट’ आहे. घडीव लोखंडाला ‘रॉट आयर्न’ म्हणतात त्यात ते टिकून राहिलंय. ‘कॅच’चं ‘कॉट’ हा या पंक्तीत उशिरा आलेला पाहुणा: तो फ्रेंचमधून आला आणि इतरांचं बघून त्यानंही ‘जी-एच’ चढवला.

‘ओ-यू-जी-एच’चे पाचसहा वेगवेगळे उच्चार कसे लक्षात ठेवायचे, यावर मी वेळ घालवणार नाही. ते ऐकून ऐकूनच बसतात. 

शिकवायला सगळ्यात सोपं जोडपं म्हणजे ‘टी-डब्ल्यू’. ‘टू’ म्हणजे दोन. त्यात ‘डब्ल्यू’ कशाला, असं लहान मूल विचारतंच. एक कोरं पान घ्या, मधोमध ‘टू’ लिहा, त्याभोवती हे शब्द लिहीत जा. ट्विन, जुळं. ट्वाइस, दोनदा. ट्वेंटी, दोन दहा. ट्वेल्व्ह, म्हणजे बारा: दहा मोजून झाल्यावर ‘दोन उरले’ असा त्याचा मूळ अर्थ. अकराच्या ‘इलेव्हन’चा तसाच ‘एक उरला’. बिट्वीन, दोघांच्या मध्ये. ट्वाइन, दोन पेड वळून केलेला दोरा, आणि त्यावरून ट्विस्ट, पीळ. ट्विल, दुहेरी धाग्यांचं तिरप्या रेघांचं कापड. ट्विग, डहाळी, जिथे फांदी दोनात फुटते. ट्वायलाइट, संधिप्रकाश, जिथे दिवस आणि रात्र दोन्ही असतात.

पान भरलं की मुलाला काही सांगावं लागत नाही. या सगळ्यांत ‘डब्ल्यू’ मोठ्यानं म्हटला जातो. गप्प बसलाय तो फक्त ‘टू’मध्ये, कारण पुढच्या ‘ऊ’साठी ओठांचा चंबू होतो आणि ‘व’साठीही तसाच. दोन चंबू एकात मिसळले. ‘हू’ म्हणजे कोण, आणि ‘सोर्ड’ म्हणजे तलवार, यांतला ‘डब्ल्यू’ असाच विरला. आणि हा ‘टी-डब्ल्यू’ म्हणजे कोण? आपला ‘द्वि’. ग्रिमच्या त्याच नियमांनुसार जिथे आपल्याकडे ‘द’ तिथे इंग्रजीत ‘ट’: द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ.

या पानावर ‘ट्वीझर्स’ म्हणजे चिमटा लिहायचा मोह होईल, त्याला दोन पाय असतात ना. लिहू नका. तो फ्रेंच ‘एत्वी’ या शब्दावरून आला. त्याचा अर्थ बारीकसारीक हत्यारं ठेवायची छोटी पेटी. 

‘डब्ल्यू-आर’चे शब्द ऐकू ‘र’पासूनच येतात, पण त्यांच्यात पीळ आहे. रिंग म्हणजे पिळणं, रेंच म्हणजे पिरगाळणं, रिस्ट म्हणजे मनगट, हात जिथे वळतो ती जागा, रिगल म्हणजे वळवळणं, रेसल म्हणजे कुस्ती खेळणं, रिंकल म्हणजे सुरकुती, रीथ म्हणजे फुलंपानं वळून केलेलं पुष्पचक्र. आणि ‘राँग’, चूक. त्याचा मूळ अर्थ वाकडं. त्याच्यासमोरचा ‘राइट’, बरोबर, याचा मूळ अर्थ सरळ, आणि तो आपल्या ‘ऋजु’चा नातलग आहे. बरोबर-चूक यांची इंग्रजीतली जोडी म्हणजे सरळ-वाकडं. आपणही माणसाला सरळ म्हणतो आणि त्याचं पाऊल वाकडं पडलं म्हणतो. 

आतापर्यंतची अक्षरं घराण्याच्या खुणा होत्या. काही जोड्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यातलं साम्य रक्तापेक्षा सहवासाचं. ‘एस-एन’नं सुरू होणारे शब्द घ्या: स्निफ म्हणजे हुंगणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्नॉर्ट म्हणजे नाकातून फुरफुरणं, स्नाउट म्हणजे प्राण्याचं पुढे आलेलं नाकाड, स्नॉट म्हणजे शेंबूड, स्नीअर म्हणजे नाक मुरडून तुच्छतेनं हसणं. सगळं नाकाभोवती. त्यात ‘स्नीझ’, शिंकणं, हा शब्द तर पूर्वी ‘फ्न’नं सुरू होत असे. ‘फ्न’चे शब्द भाषेतून जाऊ लागले, तेव्हा हा एकटा पडलेला शब्द नाकवाल्यांच्या घोळक्यात जाऊन ‘स्न’ झाला. त्या काळी ‘एस’चं एक लांब रूप लिहीत, ते ‘एफ’सारखंच दिसे, त्याचाही हातभार लागला असावा.

‘जी-एल’चं तसंच चमकण्याशी जुळलेलं: ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, ग्लिमर म्हणजे मिणमिणणं, ग्लेअर म्हणजे डोळे दिपवणारा झगझगाट, ग्लॉस म्हणजे तकाकी. ‘ग्लॅड’ म्हणजे आनंदी, तोही मुळात ‘लखलखीत’. अशा अर्थ सुचवणाऱ्या ध्वनिगटांना जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं 1930 मध्ये ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. मराठी माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये: झगमग, झळाळी, झळकणे, झिलई, झगझगीत. आपला ‘झ’ तेच काम करतो. मात्र ‘झाड’ आणि ‘झोप’ चमकत नाहीत, तसा ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजाही चमकत नाही. हे गट आठवायला मदत करतात, अर्थ ठरवून देत नाहीत.

आणि काही अक्षरं चक्क खोटी आहेत. ‘आयलंड’ म्हणजे बेट, यात ‘एस’ कधीच बोलला जात नव्हता. जुना शब्द साधा ‘ईगलंड’, पाण्यातली जमीन. पुढे विद्वानांना तो लॅटिन ‘इन्सुला’वरून आलाय असं वाटलं, आणि त्यांनी ‘एस’ घुसडला. ‘डिलाइट’ म्हणजे आनंद, हा फ्रेंचमधून ‘जी-एच’शिवाय आला, त्याला ‘लाइट’चं बघून ते चिकटलं. ‘घोस्ट’ म्हणजे भूत, त्यातला ‘एच’ कॅक्स्टनच्या छापखान्यातला. कॅक्स्टन बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात राहिला होता आणि तिकडच्या फ्लेमिश भाषेत हा शब्द ‘जी-एच’नं लिहीत. ‘डेट’ म्हणजे कर्ज, याची गोष्ट अर्धी खरी आहे. हा फ्रेंचमधून ‘बी’शिवायच आला आणि इंग्रजीत तो ‘बी’ कुणी कधी उच्चारला नाही, पण लॅटिनमधलं त्याचं मूळ ‘डेबिटम’ आहे हे दाखवायला पंडितांनी तो लिहिला. त्यामुळे ‘डेबिट’शी असलेलं नातं तरी खरं आहे.

म्हणून नवा शब्द समोर आला आणि त्यात एखादं अक्षर गप्प दिसलं, तर मी ते अक्षर ज्यात बोलतं असा नातलग शोधतो. ‘साइन’मधला ‘जी’ ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो. ‘मसल’ म्हणजे स्नायू, त्यातला ‘सी’ ‘मस्क्युलर’मध्ये, म्हणजे पिळदार. ‘बॉम’ असं म्हटल्या जाणाऱ्या बॉम्बचा शेवटचा ‘बी’ ‘बम्बार्ड’मध्ये, म्हणजे भडिमार करणं. ‘ऑटम’ म्हणजे पानगळीचा ऋतू, त्याच्या शेवटचा ‘एन’ ‘ऑटम्नल’मध्ये. ‘कंडेम’ म्हणजे धिक्कारणं, त्याचा ‘एन’ ‘कंडेम्नेशन’मध्ये. ‘न्यूमॅटिक’ म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, त्यातला ‘पी’ बरीच वर्षं मला कुठे सापडत नव्हता. मग एकदा झोपेत श्वास थांबण्याच्या त्रासाबद्दल वाचत होतो, तिथे ‘ॲप्निया’ हा शब्द आला. ‘अ’ म्हणजे नाही, ‘प्निया’ म्हणजे श्वास, आणि त्यात ‘पी’ स्पष्ट ऐकू येत होता.